माझं काळं अत्तर

मला गुलाबाचं अत्तर आवडत नाही. मोगऱ्याचंही नाही. लग्न होऊन गंगेकाठी दुर्गाघाटावरच्या या घरात आले तेव्हा सासूने गुलाबाची कुपी हातात ठेवली आणि नवरा असेपर्यंत मी तेच लावलं, डोकं दुखत असलं तरी. तुला काय आवडतं, असं कुणी विचारलं नाही. नवरा गेला तशी बायकांनी कुपी उचलून नेली. विधवेला अत्तर कशाला? माझ्याकडे बघून त्या हळहळत होत्या. मला वाटलं, न्या एकदाची.

पुढे एकदा चौकातल्या अत्तरवाल्यासमोर उभी राहिले आणि म्हटलं, गोड नसलेलं काही दाखव. त्याने शमामा काढलं. काळपट, दाट. दगडफूल, जटामांसी, लवंग आणि कसकसली मुळं शिजवून करतात. आधी जुन्या औषधासारखं कडू येतं, मग धुरकट होतं, आणि संध्याकाळी अंगात मुरलं की लाकडी पेटीतल्या लोकरीच्या कपड्यांसारखं वाटतं. मला आवडली म्हणून मी घेतलेली ती पहिली वस्तू. इथले पुरुष लावतात तसा त्याचा कापसाचा फाया मी कानात खोचते. म्हणजे वास मला येतो. अत्तर मी माझ्यासाठी लावते, गल्लीसाठी नाही.

घरात ते कुणाला सोसत नाही. सून म्हणते, "आई, गोड्या मसाल्याचा डबा उघडल्यासारखं वाटतं." नात म्हणते, "आजी, तू तो एकदम हकीमजी की दुकान!" ती स्वतः लिमलेटच्या गोळ्यांच्या वासाचं काहीतरी फसफसून मारते, अख्खा जिना गोड होतो. तिला कुणी बोलत नाही.

तो अत्तरवाला वारला. त्याच्या मुलाने दुकानात स्प्रे मांडले. मी दुसरीकडून शमामा आणून बघितलं, नुसतं तेल निघालं. जुन्यातली एकच कुपी उरली होती.

गेल्या वैशाखात घरी वसंतपूजा ठरली. आमच्यात उन्हाळ्यात वैदिकांना घरी बोलावतात. ते मंत्र म्हणतात, त्यांना गंध-अत्तर लावून पन्हं आणि कैरीची डाळ देतात. त्या सकाळी मी कोनाड्यात हात घातला तर कुपी नाही.

"माझी कुपी कुठेय?"

"जपून ठेवलीय, आई." सून डाळ वाटत होती, मान वर केली नाही. "आज मोठी मंडळी येणार. आजच्या दिवस नका लावू."

"मंडळी माझ्या कानात बसणार आहेत का?"

"लोक नावं ठेवतात हो. या वयात..."

"या वयात काय? नाक गळून पडतं?"

तिने सांगितलं नाही ते नाहीच. मी फळ्या शोधल्या, तांदळाचा डबासुद्धा. माझ्याच घरात माझी वस्तू चोरासारखी शोधत होते. तिने ती देवघराच्या कपाटात ठेवली होती, पूजेसाठी आणलेल्या गुलाबाच्या कुपीला लागून.

हे कळलं तेव्हा उशीर झाला होता. वैदिक बसले. मुलगा सोवळं नेसून चष्म्याविना कपाटाशी गेला आणि हाताला लागली ती कुपी तबकात ठेवून निघाला. फाया चांगला भिजवून एकेकाच्या हाताला लावत सुटला. मी स्वयंपाकघराच्या दारात होते. आधी वास आला, मग काय झालंय ते कळलं.

शमामा हे थंडीचं अत्तर. अंगात ऊब आणतं. वैशाखात खस लावतात, गुलाब लावतात. सगळ्यांत वयस्क वैदिकांनी हात हुंगला आणि म्हणाले, "यजमान, पन्हं आधी आणा. नाहीतर आम्ही इथेच शिजतो."

सगळे हसले. तेवढ्यात सून ओरडली, "अगं बाई, ते आईंचं आहे!"

हसणं थांबलं. कडेच्या एका तरुण वैदिकाने हात उपरण्याला घासायला सुरुवात केली, शेण लागल्यासारखा.

मी बाहेर आले. "घासू नका. जायचं नाही ते. उद्या गंगेत बुडी माराल तरी बरोबर येईल."

"आई, आत जा," मुलगा दबक्या आवाजात म्हणाला.

"कुपी दे."

"लोक बसलेत, आई."

"बसू देत. कुपी दे."

त्याने दिली. तळाशी थोडं हलत होतं. मी तबकातला कापूस घेतला, तिथेच उभी राहून फाया केला आणि कानात खोचला. वयस्क वैदिक म्हणाले, "चला, सुरू करा." मंत्र सुरू झाले. पंखा तो वास खोलीभर फिरवत होता. उठून कुणी गेलं नाही.

आता घरात ही गोष्ट गंमत म्हणून सांगतात आणि मी हसावं म्हणून माझ्याकडे बघतात. मी हसत नाही. माझी शेवटची कुपी माझ्यापासून लपवली आणि परक्यांच्या हातांवर जवळजवळ संपवली, यात हसण्यासारखं काय आहे? आणि "ते आईंचं आहे" हे ती ज्या आवाजात ओरडली, तो आवाज मी ऐकला आहे. उष्टं ताट देवासमोर गेलं तर तसं ओरडतात.

उरलेलं अत्तर आता माझ्या कनवटीला असतं, झोपतानाही.

पूजेनंतर चार-आठ दिवसांनी मुलगा एक स्प्रे घेऊन आला होता. "हलका वास आहे, आई. सगळ्यांना चालेल असा."

"मग सगळ्यांना दे."

तो बाटली माझ्या खाटेवर ठेवून गेला. मी ती संडासातल्या फळीवर ठेवली. तिथे ती चांगलं काम करते.