वेड्या बाभळीखालचा म्हसोबा

साल दोन हजार तेवीस. मी एक्काहत्तर वर्षांचा. शाळा चौथीपर्यंत, तीही अर्धी गुरांमागं गेली. पण कुणी मला 'घरी जा आजोबा' म्हणावं एवढा मी म्हातारा नव्हतो. अजून नाही.

मुलानं नगरच्या कडेला बंगला बांधला म्हणून काष्टीकडचं गाव सोडून इथं आलो. बंगल्यांमागं ओढा, ओढ्याकाठी कॉलनीची मोकळी जागा. तिथं एक जुना हिवर. पांढरट सालीचा, पावसाळ्यात फिकट पिवळा फुलणारा, खाली गुडघाभर गवत. बाकी सगळी वेडी बाभूळ. वरून तोडली की बुडातून झुडपागत फुटते, आणि तिच्याखाली गवताची काडी उगवत नाही. हिवराभोवती ती येऊ नये म्हणून मी एकटा कुदळ घेऊन मुळं उकरत असायचो. लोक गॅलरीतून बघायचे.

त्या वर्षी कॉलनीच्या चेअरमननं ठरवलं की जेसीबी लावून वेडी बाभूळ काढायची. बँकेतून रिटायर झालेला गृहस्थ, माझ्याहून लहान. मला बरं वाटलं. रविवारी सगळे जमले. चहा झाला, फोटो झाले. संध्याकाळपर्यंत रान मोकळं झालं, राहिली एकच बाभूळ, सगळ्यात थोरली. त्या सगळ्या रानाची आईच ती. तिच्यापाशी जेसीबी थांबला. बुडाला शेंदूर फासलेला धोंडा.

"आपल्याच्यानं व्हायचं न्हाई साहेब," ड्रायव्हर म्हणाला. "म्हसोबा हाय."

चेअरमननं हात जोडले. "राहू दे, राहू दे. देवाचं झाड आहे." आणि हिवराकडं बोट केलं. "त्यापेक्षा ते काढा."

माझं टाळकंच फिरलं. "ओ साहेब, त्यो हिवर हाय! बाभूळ न्हाई!"

"काटेरीच ना? मुलं खेळतात इथं."

"मंग तुमच्या दारातला गुलाब बी उपटा की!"

बायका हसल्या. चेअरमन लाल झाला. "उद्या नऊ वाजता हे झाड निघेल. सगळ्यांचं ठरलंय. घरी जा आजोबा, बीपी वाढेल."

सगळ्यांचं ठरलं म्हणे. मला कुणी विचारलं होतं? जी जमीन खाते तिला नमस्कार, आणि जो गवत राखतो त्याला जेसीबी!

घरी सून भाकरी वाढता वाढता म्हणाली, "आबा, हिवराखाली बी एखादा धोंडा ठिवा अन् शेंदूर फासा. कोण हात लावतंय मग?"

मी ताट सरकवलं. "झाडासाठी खोटा देव उभा करू? मी?"

"मग बसा रागावून," ती म्हणाली आणि ताट परत पुढं सारलं.

बसलोच रागावून. आणि बसल्या बसल्या ध्यानात आलं. आमच्याकडं दूध घालणारा इथलाच जुना माणूस. त्यानं मागं सांगितलं होतं की इथं ज्वारीचं रान होतं आणि हा म्हसोबा बांधावर, उघड्यावर, उन्हात बसायचा. प्लॉट पाडताना मशीननं त्याला मातीसकट ढकलून दिलं. बाभूळ त्याच्या उरावर नंतर उगवली. म्हणजे देव आधीचा, आणि ही बया उपरी! तिच्या काट्यांत तो कोंडून पडलाय, आणि हे लांबून हात जोडून तिलाच जपतात. खोटा देव कशाला पाहिजे? खऱ्यालाच सोडवायला पाहिजे.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ केली. कुदळ, कोयता, नारळ, तेलात कालवलेला शेंदूर घेतला आणि ओढ्यावर गेलो. काटे तोडत आत शिरलो. हात सोलून निघाले. धोंडा कलिंगडाएवढा, पण मुळानं धरून ठेवलेला. मूळ तोडलं, देव उचलला, पोटाशी धरून हिवराखाली नेला. पाण्यानं धुतला, शेंदूर लावला, नारळ फोडला. मग परत येऊन बाभळीच्या बुडात कुदळ घातली.

नवाला जेसीबी आला. मागं चेअरमन. ड्रायव्हर खाली उतरला, हिवराखाली बघितलं आणि चपला काढल्या.

चेअरमन म्हणाला, "आजोबा, हे काय केलंत?"

मी कुदळ थांबवली नाही. ड्रायव्हरला म्हणालो, "पाया पडून झालं की हिकडं घे गाडी. मुळासकट काढायचीय."