सरकलेल्या टिपा

उदयसिंहला घरात सगळे हुशार म्हणत, आणि ऐकून ऐकून त्याचाही त्यावर विश्वास बसला होता. वडील हिंमतराव फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झाले, पण गडहिंग्लजकडच्या गावी परत गेले नाहीत. पोराचं शिक्षण दिल्लीच्या कँटात, लष्करी छावणीत, झालेलं, नोकरी नोएडात लागलेली, तेव्हा दिल्लीतल्याच द्वारकेत फ्लॅट घेऊन ते तिथंच राहिले. उदयसिंह रोज मेट्रोनं नोएडाला जाई, दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका काढी आणि परत येई. पगार चांगला होता. पण हे माझं, हे मी केलं, असं कुणाला दाखवावं असं त्यात काही नव्हतं.

म्हणून सुट्टीच्या दिवशी तो स्वतःचं काहीतरी करत बसे. कॉलेजपासून तो आपली टिपणं लॅपटॉपवर एका विकीत लिहीत आला होता. ही त्याची खासगी वहीच, फक्त तिच्यातल्या एका पानावरच्या शब्दाला हात लावला की त्या विषयाचं दुसरं पान उघडे. त्या वहीत एकच उणीव होती. छापील पुस्तकात आपण पेन्सिलीनं ओळ अधोरेखित करतो, कडेला दोन शब्द खरडतो, तसं इथं करता येत नसे. ती सोय त्यानं स्वतः बनवायला घेतली. ओळ निवडायची, तिला रंग द्यायचा आणि बाजूला टीप लिहायची.

त्याच सुमाराला त्याची चुलतबहीण तेजश्री परीक्षेच्या तयारीला दिल्लीत आली. यूपीएससी, तीही मराठीतून. तिच्या वडिलांनी, विश्वनाथकाकांनी, फोनवर सांगितलं, "तुझ्या भरवशावर पाठवतोय." तिनं मुनिरकात दोन मुलींबरोबर खोली घेतली आणि ती दर रविवारी जेवायला द्वारकेला येऊ लागली. एका रविवारी उदयसिंहनं तिला आपलं काम दाखवलं आणि नाव सुचवायला सांगितलं. कडेच्या कोऱ्या जागेला काय म्हणतात, हे त्याला आठवत नव्हतं; हिंदीतला हाशिया तेवढा येत होता.

"समास," ती म्हणाली. तो म्हणाला, ते तर व्याकरणात असतं. ती हसली. वहीच्या पानालाही असतो, म्हणाली, शाळेत आखून घ्यायचास ना? दिल्लीच्या शाळेत त्यानं मार्जिन आखलं होतं, समास कधी आखला नव्हता. नाव ठरलं. तेजश्रीनं तिची सगळी टिपणं त्या विकीत चढवली आणि 'समास' वापरायला लागली.

या कामात एक अवघड जागा होती. टीप नेमकी कुठल्या ओळीची, हे प्रोग्रॅमनं लक्षात ठेवायचं कसं? पहिल्यांदा त्यानं अक्षरं मोजली. पानाच्या सुरुवातीपासून इतक्या अक्षरांवर टीप. पण वरती एखादं वाक्य वाढवलं की खालच्या सगळ्या टिपा घसरत. मग त्यानं ती ओळ आणि तिच्या आजूबाजूचे शब्दही साठवायला सुरुवात केली. ओळ बदललेली असली तर प्रोग्रॅम तिच्याशी मिळतीजुळती ओळ शोधून टीप तिथं लावी. तशी ओळ सापडलीच नाही, तर ती टीप खाली बाजूला पडून राही आणि तिच्यावर लाल अक्षरांत येई : 'जागा सापडली नाही'.

त्या लाल ओळी त्याच्या डोळ्यांत खुपत. अशा वह्या ठेवणाऱ्या हौशी लोकांचा इंटरनेटवर एक गट होता, तिथं त्याला 'समास' मांडायचा होता, आणि लाल अक्षरांनी भरलेलं पान मांडायला त्याचं मन घेईना. त्यानं काय केलं, तर साम्याची अट सैल केली. थोडं जुळलं तरी चालेल, टीप कुठंतरी बसली पाहिजे. लाल ओळी एका झटक्यात नाहीशा झाल्या. गटात त्यानं लिहिलं की या साधनात एकही टीप हरवत नाही. लोकांनी वाहवा केली, काहींनी तो वापरायलाही घेतला. हिंमतराव तर कँटातले जुने सोबती घरी आले की लॅपटॉप उघडायला लावत.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी त्याच्या स्वतःच्या वहीत एक टीप भलत्याच परिच्छेदाशेजारी बसलेली त्याला दिसली. कशानं झालं हे त्याला लगेच कळलं. त्यानं ती हातानं जागेवर नेली आणि बघू नंतर म्हणून सोडून दिलं. तेजश्रीला सांगावं असं त्याच्या मनात आलं नाही असं नाही. आलं, आणि गेलं.

उन्हाळ्याच्या तोंडावर तेजश्रीचं येणंजाणं कमी झालं. आली तरी गप्प असे. गावाकडे तिची ख्याती अशी, की एकदा वाचलेलं ती विसरत नाही. मुनिरकातही खोलीतल्या मुली राज्यघटना तिच्याकडूनच समजून घेत. एका रविवारी जेवताना हिंमतरावांनी खोदून विचारलं, तेव्हा ती बोलती झाली.

क्लासमध्ये सराव परीक्षा होती. राष्ट्रपती राजवटीला संसदेची मंजुरी साध्या बहुमतानं लागते. हिनं लिहिलं, विशेष बहुमतानं. गुण गेले त्याचं काही नाही, पण ती सगळ्या वर्गासमोर सरांशी वाद घालत बसली. खोलीवर येऊन टिपण उघडलं तर बाजूला तिचीच टीप, तिच्याच शब्दांत : विशेष बहुमत, साधं नाही. ते तर राष्ट्रीय आणीबाणीचं. आणि असं एकदाच नव्हतं झालं.

"मी बरोबर शिकले होते, मोठे काका. मग लिहिताना चुकीच्या जागी कसं लिहिलं? मला आठवतसुद्धा नाही तिथं लिहिल्याचं." ती भात चिवडत म्हणाली, "माझं डोकंच चालेनासं झालंय."

उदयसिंहनं हातातला घास खाली ठेवला. राष्ट्रीय आणीबाणी आणि राष्ट्रपती राजवट यांचे परिच्छेद जुळ्या भावांसारखे असणार. तेच शब्द, तीच वळणं. तेजश्रीला आपलं टिपण पुन्हापुन्हा आटवून, थोडक्यात करून, लिहायची सवय होती. एक परिच्छेद बदलला की त्याची टीप उठून दुसऱ्याशेजारी जाऊन बसत होती. त्याला हे पाहायची गरजही नव्हती. तरी त्यानं तिचा लॅपटॉप मागून घेतला, पान उघडलं, पाहिलं.

हिंमतराव तिला भिजवलेले बदाम खा म्हणत होते. उदयसिंहची आई म्हणत होती, डोळ्यांखाली बघ किती काळं झालंय. सगळ्यांनी उदयसिंहकडे पाहिलं. तो काय म्हणतो ते ऐकायला.

"थकवा असेल यार," तो म्हणाला. "जरा झोप काढ."

पुढचा आठवडा त्याचा फार वाईट गेला. नवीन व्हर्जन टाकून देतो असं सांगून त्यानं तिची वही मागवून घेतली. साम्याची अट पुन्हा कडक केली, लाल ओळी परत आणल्या आणि विकीत जुन्या प्रती राहतात त्यांच्याशी ताडून एकेक टीप तिच्या मूळ जागी नेऊन ठेवली. त्यासाठी त्या वाचाव्या लागल्या. सुरुवातीच्या टिपा ठसठशीत होत्या, कुठं चेष्टा, कुठं सरांशी भांडण. पुढं पुढं विषय कमी आणि स्वतःलाच बोलणं जास्त. 'नीट वाच.' 'पुन्हा तीच चूक.' एका ठिकाणी नुसतंच, 'तेजू, काय होतंय तुला?' ही टीपसुद्धा सरकून भलतीकडे जाऊन बसली होती. तिची जागा त्यानं शोधून काढली आणि ती तिथं लावली. चोरी सापडू नये म्हणून सामान परत जागेवर ठेवणाऱ्या चोरासारखं त्याला वाटलं, आणि ते खोटंही नव्हतं.

पुढच्या रविवारी ती आली ती खुलून. मुनिरकातल्या डॉक्टरांनी ताकदीच्या गोळ्या दिल्या होत्या, पहाटेचा अभ्यास बंद करायला लावला होता. "खूपच फरक पडला," असं ती सांगत होती. टिपणं उघडली की सगळं जिथल्या तिथं दिसतं म्हणाली. आई म्हणाली, देव पावला. उदयसिंहनं मान डोलावली. प्रकरण तिथंच मिटलं असतं. त्याची खरं म्हणजे तशीच इच्छा होती.

पण निघता निघता तेजश्री आईला सांगत होती, की मुलींना शिकवणं तिनं बंद केलं आहे. आपण चुकीचं डोक्यात भरवलं तर त्यांचं वर्ष जायचं. आता तिची मैत्रीण शिवांगी शिकवते आणि ही मागे बसून ऐकते. हे ती सहज बोलली, चपला घालताना.

दोन दिवसांनी ऑफिसातून लवकर निघून तो मुनिरकाला गेला. गल्लीत समोरासमोरच्या बाल्कन्या एकमेकींना टेकायला आलेल्या, खाली दुकानांची गर्दी. ती खाली आली आणि दोघं कोपऱ्यावरच्या चहावाल्याजवळ उभे राहिले. त्यानं सांगितलं. आधी फार लांबण लावली, अक्षरं, साम्य, अट. मग त्याचं त्यालाच कळलं की आपण अजून आडोसा शोधतोय, आणि त्यानं सरळ सांगितलं. टिपा 'समास'नं हलवल्या, तू नाही. तो हलवू शकतो हे मला आधीपासून माहीत होतं.

मग तिनं विचारलं, "माझ्या वहीत हलल्यात, हे तुला कधी कळलं?"

"त्या रविवारी. जेवताना."

"मोठे काका बदाम खा म्हणत होते, तेव्हा?"

"हो."

"आणि तू म्हणालास, थकवा असेल."

त्यानं मान खाली घातली. तिनं चहाचा कागदी कप चुरगाळला.

"प्रोग्रॅम चुकला, त्याचं मला काही नाही, दादा. चुकतात. पण तुझ्यासमोर मी स्वतःला वेडी म्हणत होते, आणि तू म्हणू दिलंस."

तिनं उत्तर मागितलं नाही. मागितलं ते वेगळंच : वर ये आणि हेच खोलीतल्या दोघींना, शिवांगीला आणि प्रज्ञाला, सांग. तो वर गेला. खोलीत बसायला जागा नव्हती, तेव्हा दारात उभं राहूनच त्यानं पुन्हा सगळं सांगितलं. प्रज्ञाला संगणकाचं काही कळलं नाही. शिवांगीला कळलं, ती त्याच्याकडे न बघता तेजश्रीला म्हणाली, "उद्यापासून राज्यघटना तू घे." तो जिना उतरला.

घरी येऊन त्यानं हिंमतरावांनाही सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, टीव्हीचा आवाज वाढवला. रागावले असते तर बरं झालं असतं. पुढं कँटातले लोक आले तेव्हा त्यांनी पोराची तब्येत, नोकरी, सगळं सांगितलं. लॅपटॉप मागितला नाही. गटावर उदयसिंहनं लिहिलं की आपला दावा खोटा होता, टिपा चुकीच्या जागी बसतात हे माहीत असून आपण तो केला. दोघा-तिघांनी आभार मानले. एकानं विचारलं, मग माझ्या इतक्या महिन्यांच्या टिपांचं काय? त्याच्या वहीच्या जुन्या प्रती नव्हत्या. उदयसिंहनं त्याला उत्तर लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. शेवटी लिहिलं, की त्या आता तपासून घ्याव्या लागतील, मदत लागली तर मी करीन. तो माणूस परत आला नाही.

तेजश्री त्या वर्षी पूर्वपरीक्षेतच राहिली. निकाल लागल्यावर ती दोन दिवस द्वारकेला होती. तिला मेट्रोपर्यंत सोडायला उदयसिंह गेला. वाटेत एक प्रश्न त्याच्या ओठांवर येत होता आणि तो गिळत होता. स्टेशनच्या जिन्याशी तीच थांबली.

"विचारू नकोस," ती म्हणाली. "हे वर्ष 'समास'मुळं गेलं की माझ्यामुळं, मला ठाऊक नाही. तुलाही कधी कळणार नाही."

तिनं पिशवी खांद्यावर घेतली आणि ती वर गेली.

तेजश्री अजून मुनिरकात आहे, तयारी चालू आहे. मुलींना राज्यघटना तीच शिकवते. राज्यघटनेची टिपणं तिनं कागदावर उतरवून घेतली; बाकी विषयांना 'समास' वापरते. रविवारी येते, जेवते, त्याला दादाच म्हणते. कधी ती एखादी गोष्ट आठवायला थांबली, कपाळाला बोट लावून गप्प झाली, की उदयसिंह ताटातून मान वर काढत नाही.