पूजेतला रोटर

मुलुंडला आमच्या शेजारच्या वकिलांची गाडी भरदिवसा चोरीला गेली आणि माझी झोप उडाली. माझी जुनी गाडीही फाटकाबाहेर उघड्यावरच उभी असायची. गाडीच्या मिस्त्रीला गाठलं.

"घंटा बसवून देतो साहेब, पण टपावर मांजर बसलं तरी बोंबलणार. चार दिवसांनी कुणी ढुंकून बघायचं नाय. इंजिन बंद ठेवणारं चोरबटण लावलं तर ते चोराला तुमच्याआधी सापडेल. त्यापेक्षा रोटर काढून खिशात ठेवा ना! गाडी जागची हलायची नाय."

रोटर म्हणजे इंजिनाच्या प्लगांना ठिणगी वाटून देणारा अंगठ्याएवढा तुकडा. गाडी उभी केली की मी तो काढायचो आणि ऐटीत घरात शिरायचो. आपल्या हुशारीची मला भारी घमेंड होती.

खंडेनवमीला बायकोने घरातली हत्यारं धुऊन पाटावर मांडली. विळी, कात्री, माझे पाने आणि रोटरही. पूजा करून ती उठते न उठते तोच माझ्या वडिलांना, दादांना, दम्याचा झटका आला. एवढा मोठा याआधी कधीच आला नव्हता. ओठ निळे पडायला लागले. आम्ही दोघांनी त्यांना उचलून मागच्या सीटवर बसवलं. मी पाटावरचा रोटर उचलला, धावत जाऊन बसवला आणि बटण दाबलं. इंजिन नुसतं घरघरलं. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. मागे दादा श्वासासाठी तडफडत होते.

"अहो, काहीतरी करा ना!" बायको रडकुंडीला आली होती.

बॉनेट उघडून रोटर काढला. पितळी पट्टीवर ओलं हळदकुंकू थापलेलं! घाईत मी तसाच बसवला होता.

"याला कुंकू कशाला फासलंस गं?" मी गल्लीदेखत तिच्यावर ओरडलो.

तिने रोटर हिसकावून घेतला, सणाच्या नव्या पातळाच्या पदराने खसाखसा पुसला आणि माझ्या हातावर ठेवला. या खेपेला गाडी सुरू झाली.

दवाखान्यात इंजेक्शन दिल्यावर दादांची धाप हळूहळू ओसरली. त्यांनी मला जवळ बोलावलं.

"चोराने नेली असती तर गाडीच गेली असती ना रे?"

मला तिथेच रडू फुटलं. दादा होते तोवर मी रोटर पुन्हा कधी काढला नाही.