उंबरडीचं शिंगरू

रविवार, सकाळी दहा. शेठच्या तेराव्याला मुळशीच्या शेतघरी हजर : त्यांची मुलगी आणि जावई, पागेतले सईस लतीफभाई, ऑफिसातले नऊ जण, नेऱ्याची पारूआजी, आणि मी. हजेरी घ्यायला कुणी सांगितलं नव्हतं. एकोणीस वर्षं शेठच्या ऑफिसात याद्या केल्या. हात थांबत नाही.

स्वतःचा घोडा पळत असताना शेठ शर्यतीकडे पाठ करून उभे राहायचे. सगळं मैदान दुर्बिणी लावून बघतंय, आणि मालक तेवढा कठड्याला टेकून प्रेक्षकांची तोंडं न्याहाळतोय. मी एकदा कारण विचारलं. म्हणाले, "घोडं पळतंच. खरं काय झालं ते माणसाच्या थोबाडावर कळतं." जमिनीच्या सौद्यातही हीच रीत. कागद माझ्याकडे सरकवायचे आणि स्वतः समोरच्याचा चेहरा वाचत बसायचे.

ते काही लिहीत नसत. "ताई, लिवून घ्या," म्हणायचे, आणि मी लिहिलं की काम झालंच असं धरून चालायचे. घोटावड्यात बापाबरोबर भाताची लावणी केलेला हा माणूस. तसल्याच खाचरांवर त्यांनी बारा मजली इमारती उभ्या केल्या, टेकडी कापली, दोन ओढे पाइपात घातले. परवानग्यांच्या फायली मीच लावल्या. त्याबद्दल इथे साळसूदपणा करणार नाही.

एक नेम मात्र त्यांनी पाळला. खरेदीखत झालं की घरातल्या सर्वांत वयस्क माणसाला विचारायचे, "वावराचं नाव काय?" इमारतीला इंग्रजी नाव लागायचं, वावराचं नाव पुढच्या घोड्याला. पागेत खळवाडी होती, टेपाड होता, चिंचपट्टी होती. शहरातले घोडेमालक हसायचे. शेठ म्हणायचे, "हसूद्या. त्यांच्या पागेत राजे, माझ्या पागेत रानं."

पारूआजीचे मुलगे सहीला तयार होते. आजी मात्र अंगठा मुठीत झाकून बसलेली. "माझ्या उंबरडीचं नाव बुडंल रं." शेठ तिच्यासमोर जमिनीवर बसले. "बुडायचं न्हाई, आजी. पळंल." आजीने अंगठा दिला. दुसऱ्या वर्षी तांबूस घोडी आली, तिचं नाव उंबरडी. मग महिन्यातून एकदा आजी गूळ घेऊन पागेत यायची. लतीफभाई चिडवायचे, "आजी, एवढ्या गुळानं वावर जाड होईल."

"तुजं काय जातंय? माझं वावर हाय, मी खत घालीन!"

गेल्या मोसमात वळणावर उंबरडीचा पुढचा पाय मोडला. शेठची पाठ होती. ओरडा मधेच तुटला, समोरच्या बायाबापड्यांनी तोंडावर हात ठेवले, तेव्हा त्यांना कळलं. घोड्याचा तसा मोडलेला पाय सांधत नाही. डॉक्टरांनी तिथेच सुई देऊन तिला संपवलं. संध्याकाळी शेठचा फोन आला. "ताई, लिवून घ्या. आजीला सांगायचं. मी स्वतः."

पुढच्या आठवड्यात आजी गूळ घेऊन ऑफिसात उभी. "पागंत घोडी न्हाई. कुटं हाय?"

शेठ टेबलावरच्या फायलीकडे बघत म्हणाले, "पैदाशीला धाडलीया, आजी. लांब."

"म्हंजी शिंगरू व्हणार? माझ्या जित्तेपणी?" आजीने तिथेच सगळ्यांना गूळ वाटला. शेठनीही खाल्ला.

त्यानंतर दर सोमवारी मी यादी वाचायचे आणि आजीला सांगायच्या ओळीवर ते म्हणायचे, "फुडच्या आठवड्यात." घोडी किती महिने गाभण असते, हे आजीने लतीफभाईंकडून काढून घेतलं. अकरा. ती बोटांवर मोजू लागली. आजी आली असं कळलं की शेठ मागच्या दाराने साइटवर निघायचे. एकदा म्हणाले, "लई लोकांना गप बसवलं मी, ताई. हिला आशा लावून बसवली. त्येचं काय करायचं?"

"आज सांगायचं. गाडी काढायला लावते."

"उद्या," ते म्हणाले. अकरावा महिना लागला आणि साइटवरच त्यांच्या छातीत कळ आली. इस्पितळापर्यंतही पोचले नाहीत.

तेराव्याला आजीने फोटोला हात जोडले आणि माझ्याजवळ येऊन बसली. "शेठ गेला. आता कुणाला इचारू? तूच सांग गं बाय, शिंगरू झालं का?"

लतीफभाईंनी मान खाली घातली. सांगायचं वाक्य माझ्याकडे वर्षभर तयार होतं. आजी माझ्या तोंडाकडे बघत होती.

"अजून नाही, आजी," मी म्हणाले.

तिने कनवटीची गुळाची पुडी माझ्या हातात दिली. "ठिव. झालं की पयला खडा माझ्या नावानं चार."

पुडी ऑफिसच्या कपाटात आहे. आज नव्या महिन्याची यादी केली. घोड्यांना नवी पागा बघणं, झालं. शेतघराच्या किल्ल्या मुलीकडे देणं, झालं. एक ओळ जुन्या पानावरून जशीच्या तशी उतरवली : आजीला सांगायचं. मी स्वतः.