मास्तरांची गुरुवारची पाटी

उत्तमराव मास्तरांनी खामगावजवळच्या शाळेत तीस वर्षं घसा फोडून शिकवलं. निवृत्त झाल्यावर मात्र दर गुरुवारी नैवेद्य होईस्तोवर मौन धरायचा नेम घेतला. काही सांगायचं असलं तर पाटीवर लिहायचे. शेजारच्या जनकाबाई म्हणायच्या, "गुरुवारी मास्तराचं तोंड बंद, म्हंजे कोकिळाबाईले सुट्टी!" मास्तरांच्या पत्नी कोकिळाबाई वरवर रागवायच्या, पण तेवढी शांतता त्यांना मनातून आवडायची. मान खाली घालून निवांत पोथी वाचायला मिळायची.

त्या गुरुवारी अकराला नैवेद्य दाखवून त्या म्हणाल्या, "झालं हो. सोडा आता मौन."

मास्तर नुसते बघत राहिले. तोंड एका बाजूला ओघळलं होतं. पाटीवर लिहायला गेले तर रेघोट्याच उमटल्या, आणि पेन्सिल हातातून गळाली.

गावातल्या एकाच्या गाडीनं खामगावचा दवाखाना गाठेस्तोवर पावणेबारा झाले. डॉक्टरीण तरुण होती. "काका, दात दाखवा. दोन्ही हात वर धरा." उजवा हात हळूहळू खाली आला. बोट टोचून साखर पाहिली, ती ठीक होती.

"मेंदूचा झटका दिसतो. गुठळी असेल तर ती विरघळवायची सुई आहे, पण साडेचार तासांच्या आतच देता येते. कधी सुरू झालं हे?"

"अकरा वाजता."

"अकराला तुम्हाला दिसलं, काकू. त्याआधी धडधाकट शेवटचे कधी पाहिले? अंदाजानं सांगू नका. वेळ चुकली तर सुईनंच डोक्यात रक्तस्राव व्हायचा."

कोकिळाबाईंनी आठवून पाहिलं. मास्तर शेवटचे बोलले ते काल रात्री. "मौन होतं न बाई ह्यांचं! नेमानं गप हायेत का वाचाच गेली, मले काय मालूम?"

पाटी अजून कोकिळाबाईंच्या हातातच होती. रेघोट्यांच्या वर मास्तरांच्या गोलसर अक्षरातली सरळ ओळ होती: 'जनकाबाई, विरजण नेता, ताक कधी आणता?'

त्यांनी फोन लावला. "जनकाबाई, तुमी विरजण न्यायले आल्या तवा किती वाजले होते?"

"नळ आला होता न साडेनवाचा. घागर खाली लावूनच आली मी. काऊन?"

"हे कसे दिसले तुमाले?"

"हासत होते की! दोन्ही हातानं वाटी देल्ली मले. काय झालं, बाई?"

डॉक्टरणीनं पाटी नीट पाहिली आणि कागदावर साडेनऊ लिहिलं. डोक्याच्या स्कॅनमध्ये रक्तस्राव नव्हता. सव्वाबाराला सुई सुरू झाली.

दर पंधरा मिनिटांनी डॉक्टरीण येई. "काका, नाव सांगा." ओठ हलत, आवाज येत नसे. उजवं एक बोट हललं की नुसता भास, कोकिळाबाईंना कळेना. त्या कानाजवळ वाकल्या.

"अहो, नैवेद्य कवाचाच झाला. बोला न आता. मले नाही पाह्यजे ती सुट्टी."