बांगडा आला तेव्हा आत्या दोरावर होती

माझी आत्या मुळशीच्या धरणाच्या तळ्याकाठी गळ टाकून बसायची आणि त्याबद्दल तिला कुणी काही बोलू शकत नसे. ती तरुणपणीच विधवा होऊन माहेरी आली होती. भावाच्या घरात राबायची, चिखलात बैल हाकायची, भात लावायची. पण काम उरकलं की कळकाची काठी आणि गांडुळांचा डबा घेऊन ती पाण्याकडे चालू लागे. बाईमाणसानं असं काठावर बसणं माझ्या वडिलांना बरं दिसत नसे. ते काही बोलले की ती म्हणे, “ह्या पान्यानं आपलं जुनं घर गिळलं, वावरं गिळली. आता चार मासं देतंय, तर तेबी घिऊ नगं म्हंतोस व्हय?” यावर वडील उठून गोठ्याकडे जात. शिवाय मासे तेही चवीनं खात.

साठ सालाच्या आसपासची गोष्ट. मी नुकताच धरणावर नोकरीला लागलो होतो. माझ्याबरोबर एक फिटर होता, माझ्याच वयाचा, मालवणकडचा. सुट्टीच्या दिवशी तो आमच्याकडे जेवायला यायचा, आत्याच्या हातचं कालवण ओरपायचा आणि हात धुता धुता हमखास आपल्या गावच्या बांगड्याचं सांगायचा. दसरा झाला की बांगडा थव्यानं किनाऱ्याला येतो. काठावरून भलंमोठं जाळं टाकतात, त्याला रापण म्हणतात. सगळं गाव दोर ओढायला धावतं आणि एका ओढीला बैलगाड्या भरतात.

“गप रं,” आत्या म्हणायची. “हितं दिसभर बसून टोपलं भरंना, आन तुज्या गाड्या भरत्यात!”

“आत्याबाई, खोटं वाटतं तर चला की बघायला.”

तो हे गमतीनं म्हणाला होता. आत्यानं मात्र त्या दसऱ्याला सोनं वाटून झाल्यावर लुगड्यांचं गाठोडं बांधलं आणि वडिलांना सांगितलं, “भात कापनीला यायला अवकाश हाय. ह्या पोरांसंगट जाऊन येते.” फिटर रजेवर निघालाच होता. मीही रजा टाकली. वडिलांना नाही म्हणायला सवडच मिळाली नाही.

पुणे, कोल्हापूर, मग घाट. एस.टी.नं आम्ही पार खिळखिळे झालो. घाट उतरताना आत्या डोळे मिटून बसली होती. फिटरच्या गावी पोचलो, त्याच्या आईनं हातावर गूळ-पाणी ठेवलं, आणि आत्यानं पहिलं विचारलं, “समिंदर कुटं हाय?”

माडांच्या बागेतून वाळूची वाट गेली होती. ती संपली आणि समोर पाणी उघडलं. आत्या थबकली. आमच्या तळ्याला कुठंही उभं राहिलं तरी पलीकडचा डोंगर दिसतो. इथं पलीकडे काहीच नव्हतं. ती म्हणाली, “ह्याचा पल्याडचा काट कुटं गेला?”

बांगडा अजून आला नव्हता. किनाऱ्यावर जाळी वाळूत पसरून ठेवली होती, होडी पाण्याशी तोंड करून तयार होती. किनाऱ्याच्या एका टोकाला काळे खडक समुद्रात शिरले होते. त्यातल्या उंच खडकावर रापणीचा म्होरक्या बसलेला असे. त्याला तांडेल म्हणायचे. म्हातारा, काटकुळा, उन्हानं रापून काळा ठिक्कर पडलेला. तो डोळे बारीक करून पाण्याकडे बघत राही आणि गावातलं प्रत्येक माणूस येता-जाता त्याच्याकडे बघत राही. बायका पाण्याला निघाल्या तरी मान वळवून आधी खडकाकडे बघत. त्या सगळ्या गावालाच कान टवकारून बसल्याची कळा आली होती.

आत्यानं दुसऱ्या दिवशी सकाळीच तांडेलाच्या शेजारी बैठक मारली. त्याची मालवणी हिला कळेना, हिची मावळी बोली त्याला. मी मधे दुभाष्या. मलाही फिटरनं शिकवलं तेवढंच येत होतं.

“कदी येनार तुमचा बांगडा?”

“तेका इचारूक होया,” तांडेल पाण्यावरची नजर न काढता म्हणाला.

“काय म्हंतोय ह्यो?”

“म्हणतोय, ते बांगड्यालाच विचारायला पाहिजे.”

आत्या खळखळून हसली. तांडेलही हसला, आणि तिथून दोघांचं जमलं. ती बोट दाखवून विचारी, “त्ये तितं पानी शिरशिरतंय, त्ये काय?” तो हातानं वारा दाखवी. ती म्हणे, “आन त्यो काळा डाग?” तो वर ढग दाखवी. असा तो दिवस गेला, पुढचाही गेला. एकदा पाखरं एकाएकी खाली झेपावली, तांडेल ताडकन उभा राहिला, अर्धं गाव किनाऱ्यावर धावलं, होडी पाण्यात गेली. पण जाळं वळायच्या आत थवा खडकापलीकडे, शेजारच्या गावाच्या हद्दीत निघून गेला. जाळ्यात आली ती थोडी बारीक मासळी आणि काचेसारखे आरपार दिसणारे लिबलिबीत जेलीफिश. बायका शेजारच्या गावाच्या नशिबाला नावं ठेवत परतल्या. आत्याला तर आपल्याच दारातून कुणी काही उचलून नेल्यासारखं झालं होतं. “पळालं गं बाई, हातातनं पळालं,” ती फिटरच्या आईला पुन्हा पुन्हा सांगत होती.

नंतर सगळं सामसूम. ना पाखरं, ना काळं पाणी. एवढ्या लांब हिला आणलं आणि बांगड्यानं तोंड दाखवलं नाही, तर परत जाऊन काय सांगायचं? फिटर तर घरात कुणाच्या नजरेला नजर देईना, जणू बांगडा त्यानंच अडवून ठेवला होता.

आणि मग एका दुपारी आम्ही जेवायला बसलो होतो. पानात भात पडला होता, आत्यानं पहिला घास कालवला होता, एवढ्यात बाहेरून आरोळी आली.

“इलो रे इलो! बांगडो इलो!”

फिटर ताटावरून असा उठला की त्याचा तांब्या लवंडून पार पडवीपर्यंत गेला. त्याच्या आईनं चुलीवरचं भांडं उतरवलं आणि पदर खोचत ती धावली. मी उठतोय तोवर आत्या अंगणात होती. तिच्या उजव्या हाताला भात तसाच चिकटलेला. माडांमधून माणसं धावत होती, कुत्री धावत होती, एक म्हातारी काठी टेकत धावत होती आणि जाता जाता सगळ्यांना शिव्या घालत होती की थांबा, मला टाकून जाऊ नका.

किनाऱ्यावर पोचलो आणि मी बघतच राहिलो. पाण्यावर एक मोठी सावली सरकत होती, आणि वर आभाळात ढग नव्हता. सावलीच्या कडेला पाणी उकळल्यासारखं फुटत होतं. पाखरं वरून दगडासारखी कोसळत होती. मधेच सावलीचा एक तुकडा पलटी खाई आणि रुपेरी लखलखाट होई, की डोळे दिपत.

तांडेल खडकावर उभा होता. त्यानं डोक्याचं मुंडासं सोडून हातात घेतलं होतं आणि त्याच्या इशाऱ्यानं तो होडीला वाट दाखवत होता. मुंडासं डावीकडे गेलं की होडी डावीकडे, वर गेलं की वल्ही थांबत. जाळ्याचा एक दोर काठावर ठेवून होडी थव्याला वळसा घालत निघाली होती आणि मागं जाळं पाण्यात सुटत चाललं होतं. कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. एवढी माणसं, आणि वल्ह्यांचा आवाज ऐकू येत होता. होडीनं दुसरा दोर खडकाच्या बाजूला काठाला आणून दिला, तांडेलानं मुंडासं धप्पकन खाली आणलं आणि सगळा किनारा एकदम ओरडला, “ओढाऽऽ!”

त्या दिवशी बाजाराचा दिवस होता. पुष्कळ पुरुष तिकडे गेले होते आणि खडकाच्या बाजूच्या दोरावर माणसं कमी पडली. फिटरच्या आईनं मागं वळून आत्याला हाक मारली, “धर गो बाय, धर!”

हे सांगायला दुभाष्या लागला नाही. आत्यानं कासोटा आवळला आणि काथ्याचा तो जाड, ओला दोर धरला. मी तिच्या मागं. सुरुवातीला दोर सहज आला. मग जड झाला. मग एकदम थांबला. आम्ही टाचा वाळूत रोवल्या तरी तो हातभर पुढं सरकला. समुद्र आम्हालाच ओढायला लागला होता. जाळ्यात मासळी इतकी आली होती की ते हलेना, आणि पाण्याची ओढ त्याला खडकांकडे नेत होती. खडकात अडकलं असतं तर जाळंही फाटलं असतं आणि वर्षाची वाट बघणंही वाया गेलं असतं.

“जाळा खडपार जाता! ओढा रे, ओढा!” तांडेल खडकावरून उडी टाकून धावत आला. त्याचा आवाज फाटला होता. प्रत्येक जण आपापल्या परीनं हिसके देत होता. एक ओढी तेव्हा दुसरा दम घेई. दोर जाग्यावर कुरकुरत होता.

आणि माझ्या पुढून आवाज आला, “हाऽऽऽ! चल रं माज्या राजा! हाऽऽऽ! चल रं वाघा!”

आत्या बैल हाकत होती. आमच्याकडे चिखलणीला बैल गुडघाभर चिखलात रुतला की ती अशीच खड्या आवाजात हाकारे घालायची. पलीकडच्या वाडीला ऐकू जायचे. पुढचे लोक दचकले, दोघं-तिघं हसले. पण त्या ‘हाऽऽऽ’बरोबर सगळ्यांचा जोर एका वेळी पडला आणि दोर सरकला. टीचभरच, पण आमच्या बाजूला सरकला. ती पुन्हा ओरडली, पुन्हा सरकला. मग काय! तांडेलही “हाऽऽऽ” करू लागला. पलीकडच्या दोरावरचे लोक करू लागले. ‘चल रं वाघा’चं मालवण्यांच्या तोंडी काहीतरी भलतंच झालं, पण सगळा किनारा एका तालात मागं झुकत होता. माझ्या तळहाताची सालं निघाली होती आणि मला ते कळतही नव्हतं. मी ओरडत होतो, रडत होतो की हसत होतो, देव जाणे.

जाळं खडकापासून सुटलं. ते लक्षात आलं तेव्हा लोकांनी अशी आरोळी ठोकली की पाखरं उधळली.

जाळ्याचं पोट उथळ पाण्यात आलं तसा एक आवाज सुरू झाला. पत्र्यावर गारा पडाव्यात तसा सडसड सडसड. हजारो मासे एकमेकांवर आपटत होते. लोक कमरेएवढ्या पाण्यात शिरले, जाळ्याचा खालचा काठ पायांनी दाबून धरायला. आत्याही शिरली. एक लाट तिच्या छातीवर आली आणि ती दिसेनाशी झाली. मी धावलो, तोवर ती वर आली, केस मोकळे, डोळे लाल, आणि थुंकत म्हणाली, “आगं बया! ह्ये तर निस्तं मीठ हाय की!” शेजारच्या बाईनं तिचं मनगट पकडलं ते शेवटपर्यंत सोडलं नाही.

वाळूवर बांगड्यांचा डोंगर झाला. हिरवी-निळी पाठ, त्यावर काळे ठिपके, पोट चांदीचं. टोपल्यांवर टोपल्या भरत होत्या आणि डोंगर हलत नव्हता. गाड्या खरंच आल्या. फिटर चिंब भिजून आत्यासमोर उभा राहिला. मला वाटलं आता हा फुशारकी मारणार. पण त्यानं नुसतं बैलगाड्यांकडे बोट दाखवलं. आत्यानं त्याच्या पाठीत एक धपाटा घातला.

मग वाटे पडले. तांडेल एकेकापुढे मासळीची रास घालत चालला होता. आत्यापुढेही त्यानं एक घातली.

“मला कशाला? मी पावनी,” आत्या मागं सरकत म्हणाली.

“दोर धरल्यान तेका वाटो गावतलो,” तांडेल म्हणाला आणि पुढं गेला.

मी सांगितलं, “आत्या, ज्यानं दोर धरला त्याचा वाटा असतोच, म्हणतोय. हा तुझा आहे.”

ती त्या राशीजवळ वाळूत बसली. घरात ती सगळ्यांना वाढायची आणि उरलंसुरलं खायची. तिच्यापुढे तिचं म्हणून काही वेगळं मांडलेलं मी कधी बघितलं नव्हतं. तिनं एक बांगडा उचलला, उलटा-सुलटा करून बघितला आणि परत राशीवर नीट ठेवला. संध्याकाळी त्यातलेच मासे फिटरच्या आईनं तिरफळं घालून शिजवले, आणि आत्या वाढून घेत घेत जेवली.

बांगडा पुढचे दिवस येतच राहिला. माझी रजा संपली. निघायच्या सकाळी मी एस.टी.च्या थांब्यावर गाठोडं घेऊन उभा, आणि आत्या रिकाम्या हातानं आली.

“तू जा,” ती म्हणाली. “हंगाम हाय तवर मी ऱ्हाते. खडकाकडच्या दोराला मानसं कमी पडत्यात.”

“आणि कापणी? बाबांना काय सांगू?”

“सांग, आत्या कामाला लागलीया.”

गाडी सुटली तेव्हा ती थांब्यावर नव्हतीच. किनाऱ्याकडून कुणीतरी हाक मारली होती आणि ती पळत गेली होती.

घरी जो गोंधळ व्हायचा तो झाला. “भनीला परमुलखात सोडून आलास?” वडील माझ्या अंगावर ओरडले. कापणीला एक हात कमी होता, त्यामुळे विळ्याच्या प्रत्येक फटक्याबरोबर मला बोलणी बसली. आई मात्र बांधावर जेवायला बसलो की हळूच विचारायची, “आन पानी कसं दिसतंय म्हनालास, मासं आल्यावर?” मी सांगायचो. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा विचारायची.

भाताची झोडणी उरकल्यावर आत्या आली, काळीभोर होऊन, खारवलेल्या बांगड्यांची पाटी घेऊन. वडील दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी रापणीचा दोर किती जाड असतो ते त्यांनी विचारलं.

पुढच्या वर्षी दसरा झाला आणि आत्यानं गाठोडं बांधलं. तिच्या गाठोड्याशेजारी आणखी एक गाठोडं होतं. “औंदा मी बी जाते,” आई चुलीकडे बघत म्हणाली. वडील ओट्यावर बसले होते. त्यांनी एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा आत्याकडे, आणि पायात वहाणा घालून दोघींची गाठोडी सडकेपर्यंत पोचवायला उठले.