उसनी आत्या

कंधारजवळच्या आमच्या गावात शाळेचा पट घसरला आणि सगळ्या गावाचं लक्ष माझ्या पोटाकडं लागलं. पहिलीला एकही नवं लेकरू नव्हतं. असंच चाललं तर शाळा बंद होईल, असं गुरुजींनी ग्रामसभेत सांगितलं होतं. सासूबाई घरी येऊन म्हणाल्या, "समद्याच एकावर थांबून राहिल्या तर गुरुजी काय भिंतीला शिकवतील? होऊ दे अजून एक."

"शाळेच्या पटासाठी लेकरं काढू व्हय?" मी तवा आपटला. मुलीच्या वेळी मी मरता मरता वाचले होते. पुन्हा धोका पत्करू नका, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. सासूबाईंची बाळंतपणं शेतातून येता येता उरकलेली, त्यांना हा सगळा बाऊ वाटायचा. मला मरणाची भीती होतीच, पण रोजच्या बोलण्याला कंटाळून एखाद्या दिवशी हो म्हणून बसेन, याची जास्त होती.

त्याच उन्हाळ्यात शेजारच्या घराचं कुलूप निघालं. मालक पुण्याला गेलेले, भाड्यानं आलं ते बिहारचं कुटुंब. नवरा कंधारात फरशी बसवायचा, बायको पोटुशी आणि तीन लेकरं शाळेच्या वयाची. "आज ओसरी दिली, उद्या घर मागतील," म्हणून कुरकुर करणाऱ्यांत सासूबाई सगळ्यांच्या पुढं. गुरुजी मात्र दुसऱ्याच दिवशी तिन्ही लेकरांना हाताला धरून शाळेत नाव घालायला घेऊन गेले. मागोमाग त्या कुटुंबाच्या नात्यातली आणखी दोन घरं आली आणि शाळा तगली.

पावसाळ्यात ती बाई बाळंत झाली. माहेर दोन दिवसांच्या रेल्वेवर. सासूबाई कुणाला न विचारता तेलाची वाटी घेऊन निघाल्या. मग रोज मालिश, रोज शेक आणि रोज भांडण. ही भात मागायची, त्या म्हणायच्या भातानं बाळ गारठतं, बाजरीची भाकरच खायची. शेवटी ताटात दोन्ही आलं, वर तुपाची धार.

बारशाला मात्र अडलं. आमच्याकडं नाव आत्यानं ठेवायचं आणि बाळाची आत्या बिहारात. सासूबाईंनी मला पुढं ढकललं. "ही हाय की आत्या!"

मी पाळण्यावर वाकले, बाळाच्या कानात कुर्र केलं, नाव सांगितलं. लगेच रीतीप्रमाणं सगळ्या बाया आत्याच्या पाठीत बुक्क्या घालायला तुटून पडल्या. सगळ्यांत सणसणीत बुक्की सासूबाईंची. पण त्यांनी हात काढला नाही, माझ्या पाठीवर तसाच ठेवला.

"शाळा तगली, मांडीवर घ्यायला लेकरू बी घावलं. परत तुझ्याकडं न्हाई मागनार," त्या हळूच म्हणाल्या. "तू हायस, लई झालं."

परमुलखातून आलेल्या त्या बाईचे माझ्यावर केवढे उपकार झाले, हे तिला आजही ठाऊक नाही. पाळण्याची दोरी धरून मी रडत होते आणि ती बिचारी खाटेवरून उठून माझी पाठ चोळायला लागली. तिला वाटलं, बुक्की फार लागली.